येतो म्हणालास ना

त्या घरात "जातो" हा शब्द चालत नसे. शिवी एक वेळ चालली असती. म्हणजे चालली नसतीच, पण आई पाठीत एक धपाटा घालून मोकळी झाली असती. "जातो" ऐकलं की मात्र ती हातातलं काम टाकून दारापर्यंत यायची. पोराला जिन्यातून परत बोलवायची, दाराच्या आत उभं करायची आणि म्हणायची, "जातो काय? येतो म्हण." मग शाळेची बस चुकत असली तरी पोरगा "येतो" म्हणायचा, ती "ये" म्हणायची, आणि तेवढ्यावर तिचा आणि देवाचा त्या दिवसापुरता करार व्हायचा. बाहेर पडलेलं माणूस परत घरात यावं, याहून मोठं मागणं त्या बाईने कधी मागितलं नाही.

पोरगा मोठा झाला. वास्तुकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला पोचला, दाढी राखायला लागला, उलट बोलायला शिकला. पण हा शब्द काही सुटला नाही. रागाने दार आपटून निघाला तरी आधी "येतो" आणि मग धाडकन दार. वडील हसायचे. "भांडायचं तर धड भांड रे," म्हणायचे.

आई त्याला राजा म्हणायची. या राजाच्या राज्यावर कॉलेजच्या पहिल्याच वर्षी परचक्र आलं होतं. ते दोन बॅगा आणि एक ड्रॉइंग बोर्ड घेऊन दारात उभं राहिलं आणि गोड आवाजात "मामी" म्हणालं.

ती त्याची आतेबहीण. तिच्या गावात वास्तुकलेचं कॉलेज नव्हतं, आणि वडिलांना बहिणीची मुलगी म्हणजे जीव की प्राण. घर दोन खोल्यांचं. आतली राजाची खोली तिला मिळाली आणि राजाची रवानगी बाहेरच्या सोफ्यावर झाली. "मुलीला कडी लागणारी खोली नको का?" आई म्हणाली. म्हणणं बरोबरच होतं, राजाला पटलंही होतं. पण न पटलेल्या गोष्टीशी भांडता तरी येतं. पटलेली गोष्ट नुसती सलत राहते. त्याने तिला कधी नावाने हाक मारली नाही. तो तिला "पाहुणी" म्हणायचा.

"आई, पाहुणीचा टॉवेल परत माझ्या खुंटीवर."

"राज्य गेलं तरी खुंटीचा मोह सुटत नाही का राजे?" आतून आवाज यायचा.

"पाहुण्यांनी कसं, चार दिवस राहावं."

"चारच दिवस झालेत. तुला वर्षं वाटतात, कारण तुझा अभ्यास पुढे सरकत नाही."

असं रोज. आई म्हणायची, भावंडं आहेत, भांडायचीच. वडील म्हणायचे, लग्नं झाली की एकमेकांसाठी रडतील. दोघांनाही दिसत नव्हतं की पोरांचं हसणं केव्हाच संपलेलं आहे, आणि उरलेलं जे आहे त्याला धार आली आहे.

कॉलेजात काही पोरापोरींची एक टोळी होती. ती स्वतःला "घुशी" म्हणवून घ्यायची. जिथे जायला बंदी तिथे घुशी. बंद पडलेलं चित्रपटगृह, जिथल्या खुर्च्यांमधून स्प्रिंगा बाहेर आल्या होत्या. इस्पितळाचं जुनं धोबीघर. रस्त्याखालचा केबलचा बोगदा. काही चोरायचं नाही, काही फोडायचं नाही, नुसतं आत शिरायचं, डोळे भरून बघायचं, चित्रं काढायची आणि निघायचं. राजा घुस होता. पाहुणी आली आणि तीही घुस झाली. तिथेही.

घुशींचे नियम पक्के होते. कुठे खाली उतरायचं झालं तर एक जण कायम वर. दोराची शिडी त्याच्या ताब्यात. वॉचमन दिसला की वरच्याने मुकाट्याने शिडी ओढून घ्यायची आणि सटकायचं. शिडी दिसेनाशी झाली की खालच्याने दिवा मालवून गप्प बसायचं. वरून कोणी कितीही हाका मारो, अगदी नावाने मारो, ओ द्यायची नाही. याला कारण होतं. एका वॉचमनने एकदा वरच्या पोराची मानगूट धरून त्यालाच खाली हाका मारायला लावल्या होत्या, आणि खालचे सगळे "ओ, ओ" करत वर येऊन त्याच्या हातात सापडले होते. तेव्हापासून ठरलं: वरचा परत आला आणि मैदान मोकळं असलं, की त्याने एकच शब्द टाकायचा. "आलो." तो ऐकला की वर यायचं. बाकी काहीही ऐकलं तरी आडोशाला.

आता राजाचे वडील पाणीपुरवठ्यात चावीवाले होते. रस्त्यातली लोखंडी झाकणं उघडून लांब चावीने कोणत्या भागाला कधी पाणी सोडायचं, ते त्यांचं काम. एका रात्री जेवताना ते सहज बोलून गेले, "टेकडीवरची बाग आहे ना, तिच्या गवताखाली जुना, रिकामा हौद आहे. केवढा! आत नुसते खांब आणि कमानी. माणसं वर बाकांवर बसून शेंगा खातात, त्यांना पत्ताही नाही."

दोघांनी ऐकलं. दोघांचे घास हातात राहिले. राजाने मनात ठरवलं की हा हौद आपला. वडील आपले, गोष्ट आपली. पुढच्या आठवड्यात जाऊन बघू म्हणून तो निवांत राहिला. पाहुणीने दुसऱ्याच दिवशी सरांना गाठलं आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला तोच विषय घेतला. सर खूश झाले.

"चोरटी," राजा म्हणाला. जेवणाच्या टेबलावर नव्हे. कॉलेजच्या जिन्यात, चार जणांसमोर.

"मामा माझेही आहेत," ती म्हणाली. "आणि ऐकून झोपायचं की ऐकून उठायचं, हा ज्याचा त्याचा प्रश्न."

तेवढ्यात दोन गोष्टी झाल्या. कॉलेजने फळ्यावर लावलं की बंदी असलेल्या जागेत सापडेल त्याचं नाव काढून टाकण्यात येईल. आणि वडील म्हणाले की हौदाची झाकणं आता वेल्डिंग करून कायमची बंद करायची ठरली आहेत. कोणी पोरं आत शिरतात म्हणे. पहिली गोष्ट ऐकून बाकीच्या घुशी आपापल्या बिळात गेल्या. दुसरी ऐकून पाहुणीच्या तोंडचं पाणी पळालं. मोजमापं घेतल्याशिवाय प्रकल्प कसला? आणि शिडी राजाची होती.

"उद्या झाकणं लागणार," ती सकाळी म्हणाली. तिने ते मागितलं नाही, नुसतं सांगितलं. "आज शेवटचा दिवस."

"मग?"

"मग शिडी घेऊन ये. आधी मी उतरेन, नंतर तू."

"आधी तू का?"

"मला कामाचं बघायचंय. तुला हौसेचं."

एवढ्यावर कोणीही शिडी कपाटात टाकून कुलूप लावलं असतं. पण हौद बघायची राजाची भूक रागाहून मोठी होती. दोघं निघाली. दारात दोघंही, एकमेकांकडे न बघता, "येतो", "येते" म्हणाली. आई म्हणाली, "या."

बागेच्या मागच्या कोपऱ्यात, माळ्याच्या खोलीमागे, मेंदीच्या कुंपणाआड ते झाकण होतं. दोघांनी मिळून सरकवलं. आतून गार हवेचा असा झोत आला की उन्हात राजाच्या अंगावर काटा उभा राहिला. ती शिडीवरून उतरली आणि तिचा दिवा खांबाखांबांतून लांब होत गेला. राजाला वरून दिसत होतं ते फक्त उजेडाची एक गोल चकती, ओली फरशी आणि एका खांबाचा पाय.

तो वाट बघत पालथा पडून राहिला. खाली फीत सरकल्याचा आवाज, पेन्सिल खाली पडल्याचा आवाज, प्रत्येक आवाज फुगून वर येणारा. मग तिने एक सूर लावला.

घरात ती कधी गुणगुणायचीही नाही. दुसऱ्याच्या घरात मोठ्याने गायचं नाही, असं तिने पहिल्या दिवसापासून स्वतःला घालून घेतलं होतं. हे राजाला ठाऊक नव्हतं, कुणालाच नव्हतं. इथे मात्र तिने तोंड उघडलं आणि तो सूर कमानींना धरून फिरत राहिला. ती थांबली तरी तो थांबेना. देवळाच्या गाभाऱ्यात घंटेनंतरची शांतता भरून राहते, तसा तो भरून राहिला. ती मोकळेपणी हसली. राजाला वाटलं, आपल्याला हसली.

"राजे!" खालून हाक आली. "अरे, खाली ये! कोणी येत नाही, शिडी राहू दे तशीच. एकदा बघ तरी. मी मोजलंय सगळं, तुला नुसतं बघायचंय!"

कळलं का काय झालं ते? इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या पोरीने त्याला कशात तरी वाटा द्यायला बोलावलं होतं. नियम मोडून बोलावलं होतं, कारण एकटीने बघवेना इतकं ते सुंदर होतं. आणि त्याला ऐकू काय आलं? "नुसतं बघायचंय." माझ्या बापाच्या हौदात मला नुसतं बघायचंय. डोक्यात तिडीक गेली. तो उठला, शिडी सरसर वर ओढली, गुंडाळून मेंदीत खुपसली. तास-दोन तास बसू दे अंधारात. शिडी नाही म्हटल्यावर वॉचमन आला समजेल, गप्प बसेल. मोजत बसू दे म्हणावं.

आणि निघताना, संस्काराचा केवढा जोर बघा, त्याच्या तोंडून आपसूक शब्द गेला, "येतो!"

मग झाकण ओढून तो चालू लागला. खाली त्या कमानींनी तो शब्द झेलला आणि एकमेकींकडे देत राहिल्या. येतो. येतो. येतो.

घरी आई पोळ्या लाटत होती.

"ती कुठाय?"

"येईल."

"बरोबर गेलात ना?"

"बरोबर गेलो म्हणजे बरोबरच यायला पाहिजे का? वाढ."

तो जेवायला बसला. भूक नव्हती, पण रुसलेलं दाखवायचं नव्हतं. तेवढ्यात वडील आले, हात धुऊन शेजारी बसले, आणि आमटी ओढून घेत म्हणाले, "मेलं आमच्या साहेबांचं डोकं. वेल्डर उद्या पंपावर पाहिजे, म्हणून हौदाचं काम आजच लावलं. आत्ता त्याला गाडीने सोडून आलो."

राजाच्या हातातला घास ताटात पडला.

"कुठे सोडलं?"

"बागेत. चार झाकणं, वेळ कितीसा लागतो? काय रे?"

तो उठला होता. हात खरकटा, चपला उलट्यासुलट्या.

"ताटावरून उठतोस?" आई म्हणाली. "कुठे निघालास?"

तो दारात थांबला. तिथे थांबायची सवयच होती. तोंड उघडलं, पण शब्द येईना. रोजचा, गुळगुळीत झालेला, झोपेतही निघेल असा तो शब्द आज निघाला नाही. तो तसाच जिना उतरत सुटला.

"अरे, येतो म्हण!" आई वरून ओरडली. "राजा! येतो म्हण!"

रस्त्यात त्याने देवाला हाक मारली. आईने सांगूनही जो कधी हात जोडायचा नाही, तो पळता पळता, दम लागलेला, नुसतं "देवा, देवा" करत होता. त्यापुढे काय मागायचं ते त्याला सुचत नव्हतं. आणि मला वाटतं, तेवढं पुरे असतं.

झाकणावर ठिणग्या उडत होत्या.

"थांबा!" तो ओरडला. "थांबा! खाली माणूस आहे!"

वेल्डरने तोंडावरचा मुखवटा वर केला. आडदांड गडी, घामाने निथळलेला. शेजारी बागेचा वॉचमन काठी टेकून उभा.

"कोण माणूस?" वॉचमन म्हणाला.

"माझी बहीण. आतेबहीण. खाली आहे. झाकण काढा."

"हे बघ पोरा, मी काय पहिल्यांदा उभा नाही इथे. लावायच्या आधी मी स्वतः तोंड घालून हाक मारली, कोण आहे का म्हणून. माझीच हाक परत आली. माणूस असतं तर ओ दिली नसती का?"

"ओ द्यायची नाही असा नियम आहे."

"कोणाचा?"

"घुशींचा."

वॉचमनने वेल्डरकडे पाहिलं. "ऊन लागलंय याला."

"टाके मारून झालेत," वेल्डर म्हणाला. "आता फक्त जोड भरायचा. मला लावायला सांगितलंय. काढायचं तर साहेबाला विचार. हो बाजूला, डोळे जातील."

राजाने मेंदीत हात घालून शिडी बाहेर ओढली आणि त्यांच्या पायाशी टाकली.

आता वॉचमनचा चेहरा बदलला, पण दयेने नव्हे. त्याने राजाची कॉलर धरली. "म्हणजे ती पोरं तुम्हीच! तुमच्यापायी माझी नोकरी जायची वेळ आली! आणि काय रे, पोरगी खाली, तर शिडी वर कशी?"

राजा झाकणाकडे बघत राहिला.

"मी आलो म्हणून काढलीस म्हणशील. मी सकाळपासून फाटकावर होतो. वेल्डर येईपर्यंत इकडे फिरकलोसुद्धा नाही. कशी?"

राजाने खरकटा हात पाठीमागे नेला.

"भांडण," वॉचमन सावकाश म्हणाला. कॉलरवरची मूठ आणखी आवळली. "सख्ख्या आत्याची पोर, आणि भांडणापायी विहिरीत टाकून जेवायला गेलास. हाताला आमटी आहे तुझ्या."

"आधी आवाज ऐकव," वेल्डर म्हणाला. "आवाज आला तर कापतो. नाही आला तर मी कुणाच्या सांगण्यावरून सरकारी झाकण फोडणार नाही."

झाकणाच्या मध्यभागी उचलायचं एक भोक होतं, अंगठा जाईल एवढं. राजा त्यावर तोंड ठेवून ओरडला, "पाहुणे! वर ये!"

आतून: ये. ये. ये.

"अगं, झाकण लागतंय! वेडी झालीस का? बोल!"

बोल. बोल.

मग त्याने तिला नावाने हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा. आणि हाक मारता मारताच त्याला कळलं की ही सगळ्यात मोठी चूक झाली. राजा आपल्याला नावाने हाक मारतोय? मग तर तिची खात्रीच पटली असणार की त्याच्या मानगुटीवर कोणाचा तरी हात आहे. ती आणखी आत, आणखी लांबच्या खांबाआड गेली असणार, तोंडावर हात धरून. कारण नियम तसा होता, आणि कारण तो "येतो" म्हणाला होता. येतो म्हणाला म्हणजे येणार. शिडी काढली म्हणजे तिच्याच भल्यासाठी काढली. एवढं भांडण असूनही तिने या एका बाबतीत त्याच्यावर विश्वास टाकला होता आणि त्या विश्वासापायी ती आता जिवंत गाडली जात होती.

"नाही कोणी," वेल्डर मुखवटा खाली ओढत म्हणाला.

एकच शब्द उरला होता. मैदान मोकळं असेल तरच उच्चारायचा. वॉचमनची मूठ मानेवर असताना, दोन परकी माणसं डोक्यावर उभी असताना, त्याने भोकाला ओठ लावले आणि सगळा श्वास ओतून म्हटलं, "आलो!"

आलो, म्हणाल्या कमानी. लो. ओ. ओ.

तिघं ऐकत राहिले. शेवटचा "ओ" विरायला हवा होता, पण विरला नाही. थोडा थांबला आणि पुन्हा आला. "ओ!" आणि मग, खूप लांबून, चिडून, "किती वेळ रे!"

वेल्डरने मुखवटा काढून फेकला. "अरे देवा," म्हणाला आणि कापायचं मशीन लावलं. अख्खा वेळ तो शिव्या देत होता. राजाला, साहेबांना, आणि जास्तीत जास्त स्वतःला.

ती शिडीवरून वर आली. डोकं बाहेर काढलं, उन्हाने डोळे बारीक झाले, आणि पहिल्यांदा दिसले ते वॉचमनचे बूट. मग काठी. मग राजाच्या कॉलरवरचा हात. ती तिथेच, अर्धी आत अर्धी बाहेर, थांबली.

"आलो म्हणालास," ती म्हणाली.

"म्हणावं लागलं."

"आलो म्हणालास आणि यांना घेऊन आलास." मग तिची नजर गरम झाकणाच्या कापलेल्या कडेकडे गेली, तिथून वेल्डरकडे, आणि तिथून राजाच्या खरकट्या हाताकडे. ती हुशार पोरगी होती. तिला कोणी काही सांगावं लागलं नाही. रंग मात्र चेहऱ्यावरून हळूहळू उतरला, ओढ्याचं पाणी उतरावं तसा.

"वॉचमन आलाच नव्हता," ती म्हणाली.

"नाही."

"येतो म्हणालास ना."

"निघताना येतोच म्हणतात. तुला माहितीये. आपल्या घरात—"

"मी 'खाली ये' म्हणाले होते!" आता ती ओरडली. "खाली ये म्हटल्यावर माणूस येतो म्हणतो, याचा अर्थ काय होतो? सांग! मी शिडीकडे धावत निघाले. तुला हात द्यायला. तिथला दगड निसरडा आहे म्हणून."

वॉचमनने कॉलर सोडली. काय बोलावं कळेना तेव्हा माणसं बोलतात तसं बोलला. "आमची मंडळीपण माहेरी निघताना येते म्हणाली होती. त्याला झाली वर्षं." कोणी हसलं नाही. त्यालाही ते नको होतं.

पुढचं सगळं रीतसर झालं. माळ्याच्या खोलीत बसवलं, वडिलांना बोलावलं. वडिलांनी हौदावर जाऊन झाकण पाहिलं आणि परत येऊन भाचीच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. मुलाकडे त्यांनी पाहिलं नाही. कॉलेजात राजा म्हणाला, शिडी माझी, चूक माझी. पाहुणीने ते खोडलं नाही. "बरोबर आहे," एवढंच म्हणाली. राजाचं वर्ष गेलं. तिला ताकीद मिळाली आणि विषय बदलावा लागला. झाकणं लागली. राजाने तो हौद कधी पाहिला नाही.

तिने वसतिगृहात खोली घेतली. आई रडली, तिने समजावलं, राजाला चार शब्द सुनावले, राजाने ते ऐकून घेतले. जायच्या दिवशी तिच्या बॅगा दारात आल्या, त्याच दोन, आणि तो ड्रॉइंग बोर्ड. राजा बोर्ड उचलायला पुढे झाला.

"ठेव," ती म्हणाली. "खोली रिकामी झाली, राजे. कडी घट्ट बसते, तेल लाव."

मग तिने मामांना मिठी मारली, मामीला मारली, आणि दारात उभी राहून म्हणाली, "जाते, मामी."

आईने चटका बसल्यासारखा तिचा हात धरला. "असं नाही म्हणू गं. येते म्हण."

"नाही, मामी. जाते."

"माझ्यासाठी म्हण. रागावलीस त्याच्यावर, माझ्यावर का?"

"तुमच्यावर नाही." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "तुम्ही शिकवलेला शब्द चांगलाच आहे, मामी. पण तो मी अंधारात बसून ऐकलाय. आता माझ्याने म्हणवत नाही."

ती उतरायला लागली. बॅग एकेका पायरीवर आपटत होती. आई दारालाच टेकून बसली. ओठ हलत होते, हात जोडलेले होते. तिच्या कराराचा एक भाग आज अपुरा राहिला होता आणि तो कसा पुरा करायचा हे तिला कळत नव्हतं.

राजा जिन्यात आला. कठड्यावरून वाकला. खाली, खूप खाली, फिरत जाणाऱ्या कठड्यांच्या मधल्या पोकळीत त्याला तिचा हात दिसत होता, मग नुसती बॅग, मग काहीच नाही. काय म्हणायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. "येते" म्हणणाऱ्याला म्हणायचा शब्द न म्हणणाऱ्यालाही म्हणता येतो का, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"ये!" तो ओरडला.

जिन्याने तो शब्द घेतला आणि मजल्यामजल्याने खाली नेला. ये. ये. ये.

बॅगेचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. मग रस्त्याकडचं दार लागलं.

"राजा, आत ये," आई म्हणाली.

तो तसाच वाकून उभा राहिला, ओ येते का ऐकत.